ट्रॅक्टरच्या टेपची आयसी

ताईच्या लग्नाच्या दिवशी, वऱ्हाड दारात यायच्या आतच लाऊडस्पीकरच्या ॲम्प्लिफायरनं मान टाकली. आधी खर्र झालं, मग जळका वास सुटला आणि कर्ण्यातून चकार शब्द निघेना. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. धुळ्याला देवपुरात मावशीकडे राहून मी रेडिओ दुरुस्तीचा कोर्स केला होता, आणि माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, ते आमच्या अख्ख्या सावदा गावात सांगून ठेवलं होतं.

गाणी वाजली नसती तर कुणाचं काय बिघडणार होतं? पण आहेर! आमच्याकडे आहेर माईकवर पुकारतात. कुणी हंडा दिला, कुणी पातेलं, ते नावानिशी ऐकू आलं पाहिजे, नाहीतर देणारा न जेवता चपला शोधू लागतो. मला तर या रुसव्यांची भारी चीड. पण त्या दिवशी नाना येणार होते, आबांचे थोरले भाऊ. केळीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं बोलणं बंद होतं, मी शाळेत होते तेव्हापासून. फक्त पुतणीचं लग्न म्हणून येतो, असा त्यांचा निरोप होता. त्यांचाच आहेर मुका गेला म्हणजे संपलंच.

"पोरी, काहीही कर," आबा म्हणाले. घामानं त्यांचा नवा सदरा पाठीला चिकटला होता.

ॲम्प्लिफायरची पेटी उघडली तर आवाज वाढवणारी चिप, म्हणजे आयसी, काळीठिक्कर. तसली सावद्यात कुठली मिळायला! जळगावहून आणेपर्यंत लग्न लागून गेलं असतं. मग आमच्या ट्रॅक्टरकडे नजर गेली. त्याच्या टेपमध्ये एक आयसी होती. जरा अशक्त, पायांचा क्रमही वेगळा, पण ॲम्प्लिफायरसारखीच बॅटरीवर चालणारी. मी टेप उचकटला तेव्हा ट्रॅक्टर चालवणारा माझा दादा असा कळवळला, की बघणाऱ्याला वाटावं ताई आत्ताच सासरी निघाली.

आयसीचे पाय सरळ बसेनात. एकेका पायाला वायरचा तुकडा जोडून तो त्याच्या जागी नेला, मागे गरम होऊ नये म्हणून ॲल्युमिनियमची पट्टी कसली. मेंदीच्या हातांवर तापल्या सोल्डरचे चटके बसत होते.

"अगं, साडी जळेल!" मामी ओरडली.

"जळू दे. साडीतून आहेर नाही पुकारता येत, मामी!"

आणि वाजलं की हो! मला नाचावंसं वाटलं. आवाज मात्र अगदी बेताचा. एवढा थोरला कर्णा, पण पुढच्या चार रांगांपलीकडे काही पोचेना.

लग्न लागलं, आहेर सुरू झाले. आपलं नाव ऐकायला पाहुणे सतरंजीवरून पुढे सरकू लागले. नाना तेवढे शेवटच्या खांबाला टेकून बसलेले. त्यांचा हंडा पुकारला गेला, पण त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. तुमचा हंडा पुकारला, असं कुणीतरी कानात सांगितलं तसे ते ताडकन उठले. पण चपलांकडे न वळता ते तरातरा माईकपाशी आले.

"मले काही आयकू नही आलं," ते म्हणाले. "पुन्हा सांग."

पुकारणारा गडबडला. आबांनी त्याच्या हातून माईक घेतला, घसा खाकरला.

"माझ्या थोरल्या भावाकडून," ते म्हणाले, आणि पुढे त्यांना हंडा म्हणताच येईना.

नानांनी माईक हळूच खाली केला. मग, "आलं आयकू," म्हणत तिथंच आबांच्या शेजारी बसले.