वर श्री लिहिलेली वही

कळमनुरीच्या बंडोपंतांना जन्मभर काय केलंत असं कुणी विचारलं, की ते ताठ मानेनं सांगत, "देवळातली पूजा आणि पोथ्यांचं विसर्जन." फाटकी पोथी रद्दीत जाऊ नये, तिच्यावर कुणाचा पाय पडू नये, म्हणून आसपासच्या गावांतली माणसं आपले जीर्ण कागद त्यांच्याकडे आणून देत. पंत ते लाल फडक्यात बांधत, वर हळदकुंकू वाहत आणि कयाधू नदीत सोडत. तीस वर्षांत किती गाठोडी गेली ते नदीच जाणे. पण तोरा केवढा!

तो तोरा उतरला विद्यापीठापायी. दोन वर्षांपूर्वी नांदेडहून, विद्यापीठाच्या अभिलेखागारातून, संपदा नावाची मुलगी देवळात आली. गावोगावचे जुने कागद, बाडं, वह्या यांचा खास संग्रह करायचा होता. कोणत्या घरात काय आहे हे पंतांइतकं कुणाला ठाऊक असणार? ठाऊक होतंच, निम्म्या घरांचं तर नदीत होतं. हे मात्र ते तिला बोलले नाहीत. उलट गावं पालथी घालून त्यांनी चार कपाटं भरून दिली. लोक म्हणू लागले, पंतांकडे दिलेला कागद विद्यापीठात जपून ठेवतात. पंतांनी कुणाचा गैरसमज दूर केला नाही. चोराच्या मनात चांदणं. जुना यजमान दिसला की ते रस्ता बदलायचे.

डोंगरकडा गावच्या मंजुळाबाई मात्र थेट देवळातच आल्या. सत्तरीची बाई, सोबत नात प्रतीक्षा.

"पंत, आमच्या मालकाची वही तिथंच आसंल न्हवं? बारा वर्सं झाली तुमच्याकडं देऊन. माझ्या सासूच्या जात्यावरच्या ओव्या हायेत त्यात. ह्या पोरीला दाखवायच्यात."

पंतांना वही लख्ख आठवली. बाईच्या नवऱ्यानं, संतरामनं, मोठ्या अक्षरांत लिहिलेली, कडेनं उंदरांनी कुरतडलेली. तो गेल्यावर बाईनं ती आणून दिली होती. पहिल्या पानावर श्री लिहिलंय, रद्दीत कशी घालू, असं म्हणाली होती. पंतांनी चाळली, बायकांची गाणी म्हणून हसले आणि श्री दिसतंय म्हणून नदीत सोडून दिली.

"असेल, असेल," त्यांच्या तोंडून निघून गेलं. "येत्या सोमवारी जाऊन बघू."

त्या दोन शब्दांपायी पंतांना सोमवारपर्यंत अन्न गोड लागलं नाही. खरं सांगायला एसटीतला सगळा रस्ता होता, पण बाई नातीला सासूच्या आठवणी सांगत होत्या आणि पंत खिडकीबाहेर बघत होते.

नांदेडला संपदानं नोंदवही चाळली. वही सापडेना. "थांबा आजी, दुसरी यादी बघते," म्हणून ती उठली, तेव्हा पंतांना राहवेना.

"शोधू नकोस," ते म्हणाले. "ती मी कयाधूत सोडली. मंजुळाबाई, मी खोटं बोललो."

बाईंनी नातीकडे पाहिलं.

"सोडली तं सोडली," त्या म्हणाल्या. "मीच दिली व्हती माझ्या हातानं. पण मंग ह्या लेकराला इथवर काहून आणू दिलं?"

बाई ओरडली असती, शिव्या घातल्या असत्या तरी पंतांना परवडलं असतं.

शेवटी संपदाच म्हणाली, "आजी, आठवतात तेवढ्या सांगा. आपण लिहून ठेवू."

पंतांनी कोरा कागद पुढे ओढला. सवयीनं वर 'श्री' लिहिलं आणि आपल्याच अक्षराची त्यांना लाज वाटली. मंजुळाबाईंनी डोळे मिटले. एक ओवी आली, दुसरी आली, तिसरीला थोडं अडखळल्या. प्रतीक्षा त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"कयाधूच्या काठी, बैल भावाचे पाणी पेती," त्यांनी चौथी धरली, "शिंगाला गोंडे लाल..."

पंत पेन टेकवून थांबले.

बाईंनी डोळे उघडले. "पुढचं वहीत व्हतं," त्या म्हणाल्या.