नानांचं प्रस्थान

"प्रस्थान ठेवलंय मास्तर, आता निघालोच समजा!"

असं म्हणत नाना धोतराचा सोगा खोचायचे. निजामाच्या अमदानीत तुम्ही जालन्याच्या मोटारतळावर उतरला असाल, तर "जल्दी बसा, हसनाबाद, भोकरदन!" असं ओरडत माणसं कोंबणारे नाना तुम्ही पाहिलेच असणार. स्वतः मात्र ते कधी गाडीत बसले नाहीत.

लेक उत्तरेला, हसनाबादेत दिलेली. आई नसलेली पोर निरोपांवर निरोप धाडायची, पण तीन वर्षांत बापाला मुहूर्त साधला नव्हता. मंगळवार-बुधवार उत्तरेला दिशाशूळ, म्हणजे तिकडे निघणं अशुभ; बाकीच्या दिवशी कुणीतरी शिंकायचं. मुहूर्ताला स्वतः निघता आलं नाही, तर जायच्या दिशेच्या शेजाऱ्याकडे गाठोडं ठेवायचं, म्हणजे प्रस्थान ठेवलं, प्रवास सुरू झाला, असा आपला रिवाज. नानांनी ते आमच्याकडे ठेवलं. आत एक धोतर, तांब्या आणि लेकीचं लुगडं.

पाच दिवसांत निघायला हवं होतं. निघाले नाहीत. ठेवलेलं गाठोडं मागे आणायचं नसतं, म्हणून त्यांनी ते उत्तरेच्या पुढच्या घरी नेलं. मग त्याच्या पुढच्या. वर्षभरात गाठोडं वेशीबाहेर एका गवळ्याच्या गोठ्यात पोचलं. नानांकडे धोतरं दोनच. रोज आंघोळ करून ओलेत्यानं तिथवर चालत जायचे, कोरडं नेसायचे आणि ओलं तिथंच वाळवून गाठोड्यात बांधून परत यायचे.

मी म्हणालो, "नाना, गाठोडंच एकटं पोचेल हो हसनाबादला."

"चेष्टा न्हाई मास्तर. वाईट येळंला गेलो अन् पोरीला काही झालं, मंग?"

मला फार ओशाळल्यासारखं झालं.

एका बुधवारी मोटारवाल्यानं निरोप आणला. लेक बाळंत झालीय, अंगात ताप आहे, नानांचं नाव घेऊन राह्यली. नाना तसेच टपावर चढले.

"अहो, आज बुधवार!" मी ओरडलो.

"असू दे!"

गाडी गेली. तळावर कसं सुनं सुनं वाटलं. महिन्याभरानं तोच मोटारवाला भेटला. लेक बरी होती, नातू गुटगुटीत होता.

"मग नाना कधी येणार?"

"कसे येत्यात? लेक रोज पंचांग काढून बसती. तिला कुठं वाचाया येतंय! उलटं धरती अन् म्हणती, 'नाना, आज बी योग न्हाई.'"