हव, समजलं

‘हव, समजलं,’ असं ती म्हणाली की आपण ओळखायचं, तिला काहीही समजलेलं नाही. हे म्हणताना ती मान उजवीकडे कलवायची आणि समोरच्याकडे इतक्या आदराने पाहायची की पुन्हा सांगायला कोणालाही संकोच वाटावा. ‘हव’, म्हणजे हो, तिने ऑटोवाल्यांकडून उचललं होतं, ‘समजलं’ माझ्या आईकडून.

ती फिलिपीन्समधल्या एका लहान बेटावरून मिशनरी म्हणून आली होती आणि तात्यापारा या आमच्या जुन्या मराठी वस्तीत, आमच्याच घरात, वरच्या खोलीत भाड्याने राहत होती. माझ्याहून थोडी लहान असावी. मिशनरी म्हटलं की मला माझ्या शाळेतल्या पांढऱ्या झग्यातल्या सिस्टर आठवायच्या. ही जीन्सवर कुर्ता घालून, खिशात नेलकटर टाकून बाहेर पडायची. तेलीबांध्याच्या पुढे तिच्या मिशनचा म्हाताऱ्या बायकांसाठी आश्रम आहे. नखं कापणं, केस विंचरणं, भरवणं, हे तिचं काम. परत आल्यावर गच्चीवर कपडे धुताना ती तिच्या भाषेतलं काहीतरी गुणगुणायची आणि आवाज खाली जातोय हे लक्षात आलं की नळ मोठा सोडायची.

पहिल्याच आठवड्यात आईने तिला चहाला बोलावलं आणि सरळ विचारलं, "पोरी, तू आम्हाले बाटवायले तर नाही ना आली?"

"हव, समजलं," ती म्हणाली.

आई दोन दिवस हसत होती. त्यानंतर ती संध्याकाळी आमच्याकडेच जेवू लागली.

तिचं मराठी जेवतानाच सुरू झालं. ‘वाढू का?’ हा पहिला धडा. वाढणं म्हणजे ताटातलं जास्त होणं. पुढे झाडं वाढतात, पोरं वाढतात, पेट्रोलचे भाव वाढतात, हेही कळलं. आणि मुदत वाढते. तिला इथे एकच वर्ष मिळालं होतं. आश्रमातली एक म्हातारी फक्त तिच्या हातून खायची, म्हणून तिने आणखी एक वर्ष मागितलं होतं आणि उत्तराची वाट पाहत होती. आई ताट वाढताना रोज विचारायची, "वाढली का गं मुदत?" ती मान हलवायची आणि भात घ्यायची.

मी आईशी हिंदीत बोलते. या हिंदी मुलखात जन्मलेले माझ्या वयाचे बरेच जण तसेच. त्यामुळे आईला मराठीत उत्तर देणारी घरात ती एकटीच होती.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक काकाजी राहतात. सदर बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं, वडिलांच्या काळापासूनचं. ते चालेना, तेव्हा त्यांनी ते कायमचं बंद केलं. तेव्हापासून ते ओट्यावर बसेनासे झाले आणि काय बोलावं ते न सुचून लोकही त्यांच्या दारावरून भरभर जाऊ लागले. आईने जेवताना आवाज खाली आणून सांगितलं, "काकाजींनी दुकान वाढवलं." आपल्याकडे ‘बंद केलं’ असं तोंडाने म्हणत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. तिला माहीत नव्हतं.

रविवारी चर्चमधून आल्यावर ती मला म्हणाली, "दीदी, चलो, काकाजींकडे." हातात झाकलेला डबा होता. मला वाटलं, सांत्वनाला निघाली आहे. त्यांच्या दारात तिने झाकण उघडलं तेव्हा मी वाचलं. कुकरमध्ये केलेला केळ्यांचा केक, आणि त्यावर काजूच्या तुकड्यांनी लिहिलेलं ‘बधाई’.

काकाजी केककडे पाहत राहिले. "कायची बधाई?"

"दुकान वाढवलं ना," ती म्हणाली आणि केवढं मोठं झालं असेल ते दोन्ही हात पसरून दाखवलं.

मी त्यांच्या उंबरठ्याकडे बघत होते.

"पोरी," काकाजी म्हणाले, "वाढवलं म्हणजे बंद केलं. खतम."

"हव, समजलं." मग तिला खरंच समजलं. तिने डबा पाठीमागे नेला.

"आता काहून लपवून राहिली? आण इकडं. मले तर कोणी हूं की चूं नाही केलं इतक्या दिवसांत." त्यांनी आतून सुरी आणली, ‘ब’ स्वतः घेतला आणि ‘धाई’ आम्हा दोघींत वाटलं.

पुढच्या रविवारी काकाजी पुन्हा ओट्यावर दिसले. तिची वाट पाहत होते. मग दर रविवारी ते तिला शब्द शिकवू लागले. बांगडी फुटत नाही, वाढते. देवापुढे नारळ फोडत नाहीत, वाढवतात.

"तुम्ही लोक तुटलेलं सगळं वाढवता," ती एकदा म्हणाली.

"मग? तुटलं म्हणून बोंबलत फिरायचं का?"

उन्हाळा लागता लागता तिचं उत्तर आलं. आई कणीक मळत होती, मी कोथिंबीर निवडत होते. ती जिना उतरून स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिली.

"काकू, वाढवलं."

"वाढली? अगं बाई. थांब, तोंड गोड करतो तुझं." आईने कणकेच्या हातानेच साखरेचा डबा ओढला.

मी तिच्याकडे पाहिलं. तिची मान कलली नव्हती.

"मुदत नाही, काकू," ती म्हणाली. "काकाजीवालं वाढवलं."

आईचा हात डब्यात तसाच राहिला.

"हव," आई म्हणाली. "समजलं."

आणि चिमूटभर साखर तिच्या तळहातावर ठेवलीच.

ती निघाली त्या सकाळी टॅक्सी दारात उभी असताना काकाजी आले. दुकान गेल्यापासून मी त्यांना इस्त्रीच्या शर्टात पाहिलं नव्हतं. हातात पेढ्यांचा पुडा होता.

"कायचे?" तिने त्यांच्याच आवाजात विचारलं.

"वाढवल्याचे," काकाजी म्हणाले. "तू केक आणला होता. आता माही पाळी."

तिने एक पेढा तोंडात टाकला आणि एक रुमालात बांधला. विमानतळाचा रस्ता तेलीबांध्यावरूनच जातो. ड्रायव्हरला तिने आश्रमाशी पाच मिनिटं थांबायला सांगितलेलं मी ऐकलं.

वरच्या खोलीत आता नागपूरची एक मुलगी राहते. बँकेत आहे. आई तिलाही जेवायला बोलावते. तिला सगळं समजतं.