न दुमडलेली झालर

नलूवहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, मला फोन करत नसत. मिस्ड कॉल देत. रिंग वाजून तुटली की समजायचं, चहाला बोलावलंय. महिन्यापूर्वी एका सकाळी त्यांच्या नंबरावरून आलेली रिंग तुटलीच नाही... उचलला, तर दादाचा आवाज. वहिनी गेल्या होत्या.

खारमधल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये खिडकीजवळ शिवणाचं मशीन असे. ब्लाऊज, फ्रॉक त्या शिवतच, पण जीव रमायचा नाटकाच्या कपड्यांत. कड उघडी सोडणं त्यांना केस न विंचरता दारात उभं राहण्यासारखं वाटे. आतल्या शिवणीसुद्धा दुमडून तुरपलेल्या. "आत कोण बघतंय?" म्हटलं, की म्हणत, "घालणारी बघते ना, भावजी!"

नाटकात काम करणाऱ्या डोंगरीच्या फिलूबाईंनी पोर्तुगीज काळावरच्या एका नाटकासाठी रेशमी गाऊन शिवायला दिला होता. घेराला झालरीच झालरी. वहिनी प्रत्येक कड दुमडून हाताने तुरपत बसल्या. प्रयोगाच्या आदल्या दिवशी अर्धं काम बाकी, आणि झालेल्या झालरी जड होऊन ओल्या टॉवेलसारख्या लोंबत होत्या. फिलूबाईंनी गाऊन अंगाला लावून पाहिला. "बाय, यात मी नाचू कशी? उद्या नाटक हाय!" वहिनींचा चेहरा उतरला. त्यांच्या हातचं काम आजवर कुणी नाकारलं नव्हतं.

मी वाचनालयात नोकरीला. जुन्या पोशाखांवरच्या पुस्तकात वाचलेलं त्यांना भीतभीत सांगितलं, की त्या काळी झालरीची कड दातेरी कापून तशीच सोडत. घट्ट विणीचं रेशीम सहसा उसवत नाही.

"पुस्तकाला काय जातंय सांगायला! दशा निघतील."

"नाही निघणार."

"लावा पैज. हरेल त्याने चहा करायचा."

बोलत बोलत त्यांनी दातेरी कात्री उचललीसुद्धा. संध्याकाळपर्यंत तुरपलेल्या कडाही कापून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी फिलूबाईंनी गिरकी घेतली आणि सगळ्या झालरी वाऱ्यावरच्या पानांसारख्या सळसळल्या. सर्वांत जास्त टाळ्या वहिनींनी वाजवल्या. मग पडद्यामागे जाऊन म्हणाल्या, "उद्या गाऊन आणून द्या हं, कडा तुरपून देते." फिलूबाईंनी गाऊन दोन्ही हातांनी धरला. "न्हाय देनार!"

उरलेली झालर वहिनींनी मशीनच्या कव्हराला लावली, खास पैजेसाठी. तेव्हापासून मी गेलो की आधी तपासणी.

"सुटला धागा?"

"नाही."

"चष्मा पुसा."

मग कुरकुरत चहा टाकायला त्याच उठत. शेवटच्या आजारपणातही पलंगावरून हाच प्रश्न, हेच उत्तर. चहा तेवढा दादाने केला, त्यांच्या वतीने.

परवा गेलो, तेव्हा सवयीने आधी कव्हरच पाहिलं. कोपऱ्यात एक धागा सुटून लोंबत होता. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं... होताच.

दादा म्हणाला, "कापू का रे?"

"राहू दे," म्हटलं, आणि चहा टाकायला उठलो.