एका हाकेला धावून येणारे दत्ताभाऊ

हसणार नसाल तर सांगतो. छे, हसालच तुम्ही! हसा. पण माझ्या बायकोसमोर हा विषय काढायचा नाही, एवढं आधी कबूल करा.

मला साधं बोलता येत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मला नुसता ताप येत नाही, अंगावर पापड भाजून निघतात. साजगावच्या कंपनीत साहेब जरा ओरडले, की घरी येऊन सांगतो, शेडचे पत्रे उडाले! लोक हसतात, मला बरं वाटतं. यात कुणाचं काय बिघडतं? असं मी समजत होतो.

माझ्या बायकोचा, सुरेखाचा, थोरला भाऊ दत्ताभाऊ. कळंबच्या आतल्या बाजूला गाव. भातशेती आणि दोन म्हशी, एवढंच त्याचं जग. "कसा आहेस?" विचारलं की म्हणणार "बरा हाय". झालं, गप्पा संपल्या! तर याच्या पन्नासाव्या वाढदिवसाला मी ठरवलं, नाक्यावर फ्लेक्स लावायचा.

कर्जतला फ्लेक्सवाल्यापुढे बसलो आणि जीभ सुटली. 'गोरगरिबांचे कैवारी! एका हाकेला धावून येणारे! चोवीस तास जनतेच्या सेवेत! गावाचं भावी नेतृत्व!'

"साहेब, मागं वाघ टाकू का?"

"टाक!"

"डोळ्याला गॉगल?"

"टाक की!"

"खाली मोबाईल नंबर?"

इथं कुठलाही शहाणा माणूस थांबला असता. मी म्हटलं, "ठळक टाक!"

बोर्ड लागला. दत्ताभाऊ खाली उभा राहून बराच वेळ वाघाकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "भावजी, ह्यो मी हाय?"

"अरे, वाढदिवसाला असंच लिहितात. मनावर घ्यायचं नसतं."

पण फोन करणाऱ्यांना हे कोण सांगणार? कुणाचं रेशनकार्ड अडलं, फोन. कुणाची गाय चिखलात रुतली, फोन. कुणी पिऊन पडला आणि घरी सोडायला कुणी नाही, फोन! आणि हा बाबा चक्क जायला लागला हो!

"अरे, कशाला जातोस?" मी विचारलं.

"तुमीच लिवलंय नव्हं? मंग जायला नको?"

गावाच्या दोन्ही वाड्यांत दत्ताभाऊ दत्ताभाऊ व्हायला लागलं. मी तर कंपनीच्या कँटीनमध्ये छाती फुगवून सांगत होतो, बघा, आपल्या चार ओळींनी माणूस कुठल्या कुठे नेला.

आणि एका दुपारी सुरेखाचा फोन आला. आवाज रडवेला.

झालं असं, की दत्ताभाऊच्या मुलीचं, प्राजूचं, लग्न पलीकडच्या वाडीतल्या बाळारामशेठच्या मुलाशी ठरलं होतं. सुपारी फुटली होती, रविवारी साखरपुडा होता. पंचायत दोन्ही वाड्यांची एकच, आणि बाळारामशेठ यंदा सरपंचपदाला उभे राहणार होते. बोर्डावरचं 'भावी नेतृत्व' वाचून त्यांचा निरोप आला, "आमच्या इरोधात उभं ऱ्हायचं आनि आमच्याच घरात पोर द्यायची, ह्ये जमनार नाय. साखरपुडा ऱ्हाऊ द्या."

प्राजू आदल्या रात्रीपासून जेवली नव्हती. हे वाढवून सांगत नाही.

संध्याकाळी मी, सुरेखा आणि दत्ताभाऊ शेठच्या ओटीवर जाऊन बसलो. मी घसा साफ केला. "शेठ, अहो ती अतिशयोक्ती! भाषेतला अलंकार असतो तो!"

"आलंकार?" शेठनं भुवया चढवल्या. "मंग परवा आमच्या वाडीची मोटर काढायला हिरीत कोन उतरला? आलंकार उतरला?"

तिथंच गप्प बसायचं होतं. पण ही जीभ! आता ती उलट्या दिशेनं सुटली.

"हा कसली निवडणूक लढवतोय शेठ? चार माणसांत तोंड उघडलं तर जांभई द्यायला! याला घरात कुणी विचारत नाही. अहो, याच्या म्हशीसुद्धा याला ओळखत नाहीत!"

मला वाटलं, हसतील. कुणी हसलं नाही. दत्ताभाऊ खाली मान घालून पायाचा अंगठा बघत होता. सुरेखाच्या डोळ्यांकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

आतून शेठच्या बायकोचा आवाज आला, "आवो, बाप आसला आसंल तर मंग त्याची पोर तरी सून कशाला करायची?"

संपलं! जोडलेलं तोडलं होतं, आता तुकडेही केले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ना? मला ते शब्दशः हवं होतं. शेठची ओटी मात्र शेणानं सारवलेली, घट्ट.

तेवढ्यात दत्ताभाऊ उठला. "शेठ, मी उभा नाय ऱ्हानार. फोन आला म्हनून गेलो. पोरीचं तेवढं मोडू नका."

शेठनं आत चहाची हाक दिली. मग म्हणाले, "आरं, एवढंच सांगायचं व्हतं, तर ह्यांना कशाला आनलंस?"

'ह्यांना' म्हणजे मला. चहा आला. साखरपुडा रविवारीच ठरला.

परतताना सुरेखा आमच्या पुढे दहा पावलं चालत होती. मीच म्हटलं, "दत्ताभाऊ, चुकलो रे. फार चुकलो."

"ऱ्हाऊ द्या." त्यानं वाटेतला एक दगड बाजूला केला. मग म्हणाला, "पर भावजी, म्हशी वळखतात मला."

 

परवा माझा वाढदिवस झाला. सासरवाडीला जेवायला बोलावलं होतं. नाक्यावर गाडी वळवली आणि ब्रेकच दाबला. बोर्ड! वाघ नाही, गॉगल नाही. आधारकार्डावरचा माझा फोटो, आणि ठळक अक्षरात:

'आमचे भावजी. साजगावला कामाला हायत. बरे हायत. फोन करू नये.'

खाली गोल चौकटींत शुभेच्छुकांचे फोटो होते. मधे दत्ताभाऊ, दोन्ही बाजूंना दोन म्हशी.

सुरेखा मागच्या सीटवर हसून हसून पडायला आली. मी हेल्मेटची काच खाली ओढली. अख्ख्या बोर्डावर एक शब्द वाढवून लिहिलेला नव्हता. तेच तर लागलं हो!