अप्पांसमोर मोठ्यानं

मुलीच्या कॉलेजच्या वहीत मागची बरीच पानं कोरी राहिली होती. त्यातल्या एका पानावर मी दहा रेघा ओढल्या, एका दिवसाला एक. दहा दिवसांत सांगायचं होतं, साउंडबार ठेवायचा की परत पाठवायचा.

मुलगी हैदराबादला नोकरी करते. तिनंच तो पाठवला. टीव्हीखाली ठेवायची दोन हात लांब काळी पट्टी आणि सोबत जमिनीवर ठेवायचा एक डबा. कारण अप्पा, म्हणजे माझे सासरे. त्यांना कमी ऐकू येतं आणि आमचं घर जळकोटात हायवेला लागून. ट्रक गेला की टीव्हीतल्या माणसांचे नुसते ओठ हलायचे. म्हणून अप्पा आवाज पार शेवटाला नेऊन ठेवायचे. शेजारची बाई पाण्याला आली की म्हणायची, “काल मालिकेतल्या त्या सुनंला घराबाहेर काढलं न्हवं? आम्हाला टीव्ही लावायची गरजच न्हाय बघा.”

“आई, अप्पांना विचारू नको,” मुलगी फोनवर म्हणाली. “ते नकोच म्हणणार. बाबा म्हणणार, तुमचं तुम्ही बघा. तू ऐकून सांग.”

“मला काय कळतंय त्यातलं?”

“कान हायत ना तुला? मग झालं. आणि बोलून बघ त्याच्याशी. हाक मारून सांगितलं की पाहिजे ते लावतो. तेच तर खरं आहे त्यात.”

तेच तर अवघड होतं. पट्टी बाहेरच्या खोलीत होती आणि बाहेरच्या खोलीत अप्पांचा पलंग.

लग्न होऊन मला सत्तावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी अप्पांशी सरळ एक शब्द बोलले नव्हते. भांडण नाही, राग नाही. आमच्यात सून सासऱ्याशी बोलत नाही, एवढंच. काही सांगायचं असलं की मी सासूबाईंना सांगायची आणि त्या अप्पांना. पुढं मुलगी बोलायला लागली, तेव्हा ते काम तिच्याकडं आलं. सासूबाई गेल्या, मुलगी नोकरीला गेली. आमचे हे ढोकीकडं उसाच्या ट्रॅक्टरवर. कारखान्याचं गाळप सुरू झालं की पाहुण्यासारखे घरी येतात. मग घरात मी आणि अप्पा. मी स्वयंपाकघराच्या चौकटीला सांगायची, “चहा झालाय म्हणावं.” बाहेरून अप्पा भिंतीला सांगायचे, “साखर कमी टाक म्हणावं.” असं आमचं चाललं होतं आणि बरं चाललं होतं.

पहिल्या दिवशी मुलीनं व्हिडिओ कॉलवर सांगत सांगत माझ्याकडून सगळ्या वायरी जोडून घेतल्या. पट्टीतून एका बाईचा आवाज आला, “नमस्कार, मी तयार आहे.” अप्पा बनियनवर बसले होते. त्यांनी घाईघाईनं खुंटीवरचा सदरा काढून अंगात घातला आणि दाराकडं बघत म्हणाले, “या, या. बसा.” पुढं चार दिवस पट्टी चालू करताना ती बाई बोलली की त्यांचा हात आपोआप टोपीकडं जायचा.

दुसऱ्या दिवशी बातम्या लावल्या. मध्येच ट्रक गेला, तरी बोलणारा काय म्हणतोय ते कळत होतं. वहीत लिहिलं, “बोलणं स्वच्छ.” संध्याकाळी गाणं लावलं तर मांडणीवरची ताटं वाजायला लागली. मला वाटलं मांजर शिरलं. ते जमिनीवरच्या डब्याचं काम होतं. डबा मांडणीच्या भिंतीपासून उचलून अप्पांच्या पलंगाखाली सरकवला, तर अप्पा भिंतीला म्हणाले, “खालनं कोण ढकलतंय म्हणावं?” शेवटी तो कोपऱ्यात ज्वारीच्या पोत्याला टेकवला. तिथं त्याचा आवाज गोड झाला. पोत्यानं काय केलं कुणास ठाऊक, पण तेही मी लिहून ठेवलं.

बोलून मात्र बघितलं नव्हतं. मुलगी रोज विचारायची, मी रोज “बघते” म्हणायची. पाचव्या दिवशी दुपारी अप्पा पारावर गेले, तेव्हा मी दार लोटून घेतलं, डोक्यावरचा पदर नीट केला आणि पट्टीला हाक मारली. काहीच नाही. जरा मोठ्यानं मारली. काहीच नाही. तिसऱ्यांदा इतक्या जोरानं मारली की माझीच मी दचकले. पट्टीवर दिवा लागला. आता काय विचारायचं ते मी ठरवलंच नव्हतं. समोर भिंतीवर घड्याळ होतं, तरी विचारलं, “किती वाजले?” तिनं सांगितलं. घड्याळ पाच मिनिटं मागं होतं. मी स्टुलावर चढून ते पुढं केलं.

संध्याकाळी अप्पांनी स्वतःच प्रयत्न केला. त्यांचं आजोळ कर्नाटकातलं. प्रेमात आले की कन्नड बोलतात. “ए तंगी, हाडु हाकव्वा,” ते लाडानं म्हणाले. म्हणजे, बहिणी, एक गाणं लाव गं. पट्टी गप्प. मग मराठीत म्हणाले. तरी गप्प. दात गेलेत, शब्दातून वारा जातो, तिला तरी काय कळणार? तीनदा हाक मारून ते भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. मला म्हणाले नाहीत की तू सांग. म्हणणार तरी कसे?

मी चौकटीत उभी होते. माझ्या आवाजाला पट्टी ओळखत होती, ते दुपारीच कळलं होतं. पण त्यासाठी अप्पांसमोर मोठ्यानं बोलावं लागणार होतं. नाही बोलले तर हा साउंडबार अप्पांच्या काय कामाचा? मग वहीत “परत” लिहायचं आणि मोकळं व्हायचं. ते सोपं होतं. मी दोनदा आत जाऊन आले. तिसऱ्यांदा चौकटीला धरून, पट्टीकडं बघत, जोरात हाक मारली आणि म्हणाले, “कन्नड भजन लाव.”

भजन लागलं. अप्पा उठून बसले. माझ्याकडं बघितलं नाही, पण मांडीवर बोटांनी ताल धरला.

त्यानंतर ते काम माझ्याकडंच आलं. सकाळी भजन, दुपारी बातम्या, सगळं मी सांगायची. आणि सांगता सांगता जीभ सैल व्हायला लागली. आठव्या दिवशी भजन चालू होतं, ताट वाढून झालं होतं, आणि भिंतीवरच्या फळीवर अप्पांच्या गोळ्यांचं पाकीट जसंच्या तसं दिसलं. मी पट्टीला हाक मारली आणि एका दमात म्हणाले, “आवाज कमी कर, भाकरी गार व्हायलीय, आणि दोन दिवस झाले रक्तदाबाची गोळी घेतली न्हाय म्हणावं!”

पट्टीवर दिवा फिरला. बाई म्हणाली, “माफ करा, मला ते समजलं नाही.”

अप्पा हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, तांब्यातलं पाणी प्यायले. “तिला न्हाय समजलं,” ते म्हणाले, “मला समजलं. आण ती गोळी.”

‘आण’ म्हणाले. ‘आण म्हणावं’ नाही. मी गोळी आणून पलंगाच्या कडेला ठेवली आणि आत जाऊन उगीचच धुतलेली ताटं पुन्हा धुतली.

दहाव्या दिवशी मुलीचा कॉल आला. मी बाहेरच्या खोलीत मोबाइल स्पीकरवर ठेवला आणि वही उघडून वाचून दाखवलं. बोलणं स्वच्छ. डबा पोत्याला टेकवावा लागतो. लाइट जाऊन आली की बराच वेळ कुणाला ओळखत नाही. इंटरनेट गेलं की नुसता साधा स्पीकर राहतो. कन्नड गाते, पण कन्नडमधून सांगितलेलं ऐकत नाही. अप्पांचं तर काहीच ऐकत नाही.

“म्हणजे लई काही खास न्हाय,” मुलगी म्हणाली. “मग काय करायचं? आजच सांगायला पाहिजे.”

मी पेन हातात घेतलं. शेवटच्या रेघेपुढं काहीच लिहिलं नव्हतं.

“तू काय म्हणतीस?” अप्पांनी विचारलं.

मला वाटलं मुलीला विचारतायत. पण ते मोबाइलकडं बघत नव्हते, भिंतीकडंही नव्हते.

“ठेवू,” मी म्हणाले.

नेमका तेव्हाच बाहेरून ट्रक गेला. अप्पांनी कानामागं हात धरला. “काय?”

“ठेवू म्हणते!”

“मग ठेव की,” अप्पा म्हणाले. “वरडतीस कशाला?”