पट्टा बांधलेला डबा

दाजी हे काही त्यांचं नाव नव्हे. ते बायकोच्या धाकट्या भावाचे दाजी. तो त्यांच्याच रंगाऱ्यांच्या टोळीत कामाला लागला आणि परांचीवरून दिवसभर "दाजी, ब्रश द्या, दाजी, जरा सरका" करू लागला. बघता बघता अख्खी टोळी त्यांना दाजी म्हणायला लागली. पुट्टीवाला त्यांच्यापेक्षा वयाने मोठा, तोही म्हणायचा. खाली खुर्ची टाकून बसलेला मुकादमसुद्धा म्हणायचा. एवढे मेहुणे फुकटात मिळालेला माणूस दुसरा सापडायचा नाही, आणि खरं सांगायचं तर दाजींना ते मनातून फार आवडायचं.

टोळी तेव्हा एका नव्या दवाखान्याची इमारत रंगवत होती. पाच मजले, भोवती लोखंडी पाइपांची परांची आणि तिच्यावर टाकलेल्या आडव्या फळ्या. उंचीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला ठेकेदाराने एकेक पट्टा दिला होता. तो कमरेला आणि खांद्यांना आवळायचा, त्याच्या दोरीचा आकडा पाइपात अडकवायचा, म्हणजे पाय सुटला तरी माणूस लोंबकळत राहतो. पट्टे नवेकोरे होते, चांगले मजबूत होते, आणि टोळीतला प्रत्येक जण ते न चुकता वापरत असे. सगळे जण पट्टा रंगाच्या डब्याला बांधत.

यात वेडेपणा काही नव्हता. डबा खाली पडला तर सांडलेल्या रंगाचे पैसे मजुरीतून कापले जात. माणूस खाली पडला तर काय कापतात, हे कुणी सांगितलेलं नव्हतं. तेव्हा डबे कसे ऐटीत, पट्टे आवळून पाइपांना लटकत, आणि माणसं त्यांच्या शेजारी एका हाताने पाइप धरून दुसऱ्या हाताने भिंत रंगवत.

पट्टा स्वतःला लावणारे एकटे दाजी. ते काही नियमांचे मोठे भक्त नव्हते. त्यांना उंचीची भीती वाटे, आणि भीती वाटते हे सांगायची त्यांना लाज वाटत नसे, एवढंच. टोळीला मात्र रोजची करमणूक होती.

"दाजींना दाव्याला बांधलं का रे?" पुट्टीवाला सकाळी विचारायचा.

"बांधलं. आता चारा तेवढा टाका," लांब्या म्हणायचा. लांब्या इतका उंच होता की तळमजल्याचं छत तो स्टुलाशिवाय रंगवायचा आणि त्याचा त्याला भलताच गर्व होता.

सगळ्यात मोठ्याने हसायचा तो मेहुणा. त्याला टोळी पाखरू म्हणायची. या फळीवरून त्या फळीवर तो असा जायचा की बघणाऱ्याने डोळे मिटून घ्यावेत. हात मात्र सोन्यासारखा. भिंतीवर अक्षरं काढावीत तर त्यानेच. आईवडील लवकर गेले, त्याला वाढवला तो मोठ्या बहिणीने, म्हणजे दाजींच्या बायकोने. आता त्याचं लग्न झालं होतं, दोन गल्ल्या सोडून बिऱ्हाड होतं, आणि नुकतीच घरात पाळणा हलायची चाहूल लागली होती. तरी बहिणीच्या लेखी तो अजून शेंबडाच. रोज संध्याकाळी दाजी चपला काढत असतानाच ती विचारायची, "आज पट्टा लावला होता का त्यानं?"

"लावला होता," दाजी सांगायचे. आणि पाय धुवायला जायचे. पाय धुवायला ते हल्ली बराच वेळ घेत.

मग एक सुरक्षा साहेब आले. नियम पाळले जातात की नाही हे बघणं हे त्यांचं काम, पण तेही उंचीला घाबरत, त्यामुळे जे काय बघायचं ते जमिनीवरून बघत. पहिल्याच दिवशी त्यांनी हुकूम सोडला की दुसऱ्या मजल्याच्या भिंतीवर, रस्त्यावरून दिसेल अशी, ठळक सूचना रंगवावी: उंचीवर पट्ट्याशिवाय काम करू नये. ती पाखरूने रंगवली. डावा हात पाइपाभोवती, उजव्या हातात ब्रश, शेजारी पट्टा आवळून सुखात बसलेला डबा. साहेब खालून म्हणाले, "वा, काय अक्षर आहे." त्यांनी वरच्या साहेबांना पाठवायला फोटो काढला. फोटोत पट्टा नसलेला माणूस येत होता म्हणून त्यांनी पाखरूला थोडं बाजूला व्हायला सांगितलं. तो झाला, पाइपाच्या पलीकडे, आणखी अवघड जागी.

दाजी हे सगळं वरच्या फळीवरून बघत होते. हसावं की रडावं हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी खिडकीची चौकट रंगवायला घेतली.

त्याच आठवड्यात चौथ्या मजल्यावर पाखरूचा पाय घसरला. फळी ओली होती. एक पाय गेला, दुसरा गेला, आणि तो कोपराने पाइपाला लटकला. लांब्याने गचांडी धरून त्याला वर ओढलं. सगळं इतक्या झटकन झालं की ओरडायलाही कुणाला सुचलं नाही. डबा जागच्या जागी होता. जरासा हलला, इतकंच.

"रंग सांडला का रे?" खालून मुकादम ओरडला.

"नाही सांडला."

"मग बघताय काय? चला, हात चालवा."

पाखरू फळीवर बसून हसत होता. "पडलो असतो तरी दवाखान्यातच पडलो असतो की."

"अजून खाटा आल्या नाहीत रे," पुट्टीवाला म्हणाला, आणि सगळे पोट धरून हसले. दाजींना मात्र बसावं लागलं. आणि पट्टा तर त्यांनी लावलेला होता.

त्या संध्याकाळी बायकोने नेहमीचा प्रश्न विचारला. दाजींनी नेहमीचं उत्तर दिलं. समोर बायको ताट वाढता वाढता होणाऱ्या भाच्यासाठी काय काय शिवायचं याचे बेत सांगत होती.

आता सुरक्षा साहेबांनी फाटकावर एक नंबरही लावला होता. जो नियम पाळत नाही त्याची माहिती या नंबरवर द्या, नाव गुप्त राहील, दोषी माणसाला कामावरून कमी केलं जाईल. दाजी येता-जाता त्या नंबराकडे बघायचे आणि मान वळवायचे. कळवावं तर पाखरूची रोजी जाणार, तीही अशा वेळी. न कळवावं तर कधीतरी पाखरूच जाणार. आणि नाव गुप्त राहणार म्हणे. ज्या परांचीवर एकच माणूस पट्टा लावतो, तिथे तक्रार कुणी केली हे शोधायला काय पोलीस लागतात? शिवाय एकट्या पाखरूचं नाव कसं सांगणार? लांब्याला सोडावं आणि घरच्या पोराला अडकवावं? सगळ्यांची नावं सांगितली तर दवाखाना रंगवायला उरणार दाजी आणि त्यांचा पट्टा. डोक्याचा पार भुगा झाला. पण लटकलेला पाखरू डोळ्यांपुढून हलेना. अखेर एका दुपारी, बाकीचे खाली जेवणाचे डबे उघडून बसले असताना, दाजी एकटे गच्चीवर गेले आणि त्यांनी तो नंबर फिरवला.

फोन लागला. त्याच क्षणी खाली अंगणात कोंबडा आरवला.

दाजींना हा कोंबडा चांगला माहीत होता. तो मुकादमाच्या खिशात राहत असे. त्यांनी फोन बंद केला. कोंबडा गप्प झाला. असेल योगायोग, म्हणून त्यांनी पुन्हा नंबर लावला. पुन्हा कोंबडा. माणसाची आशा किती चिवट असते पाहा, दाजींनी खात्री करून घ्यायला तिसऱ्यांदा लावला. कोंबडा आरवला, आणि पाठोपाठ कानातल्या फोनमधून आणि गच्चीच्या कठड्याखालून एकदमच आवाज आला, "कोण बोलतंय?"

साहेबांना असले फोन घ्यायला सवड कुठली? त्यांनी ते काम मुकादमाकडे सोपवलं होतं. ज्याच्या कारभाराची तक्रार करायची त्याच्याच कानात ती करायची, अशी ही चोख व्यवस्था होती.

दाजींनी घाईने फोन बंद केला. जिना उतरून ते खाली आले तेव्हा मुकादम दात कोरत बसला होता.

"दाजी, तुमचा फोन येत होता?"

"खिशात दाबला गेला असेल."

"तीनदा?"

मुकादम हसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "दाबतात हो. काही काही लोकांचे त्याच नंबरवर बरोबर दाबले जातात."

दुपारपासून दाजींना कुणी दाजी म्हटलं नाही. सुरुवात लांब्याने केली. "साहेब, जरा सरकता का?" मग पुट्टीवाला म्हणाला, "साहेबांना वाट द्या रे." संध्याकाळपर्यंत ते सगळ्यांचे साहेब झाले. चहाला बोलावणं बंद झालं, ते आले की बोलणं बंद झालं. एवढ्या मेहुण्यांनी एका दिवसात नातं तोडलं. पण ते सगळं दाजींनी सोसलं असतं. लागलं ते पाखरूचं.

"साहेब, तो लहान ब्रश द्या," पाखरू म्हणाला. हसत नव्हता, त्यांच्याकडे बघतही नव्हता. बहिणीकडे जेवायला येणंही त्याने बंद केलं.

दाजींनी चार-दोन दिवस वाट पाहिली. मग त्यांना राग आला. तक्रार केलीच नाही आणि चहाडखोर म्हणून नाव मात्र झालं. बदनामी पदरात पडलीच आहे, तर निदान काम तरी पदरात पाडून घ्यावं, असा त्यांनी हिशेब केला. शनिवारी संध्याकाळी बायकोने विचारलं, "आज लावला होता का पट्टा?" आणि दाजी म्हणाले, "नाही. आज नाही, काल नाही, कधीच नाही. डब्याला लावतो." मग पाय घसरल्याचंही सांगून टाकलं.

तिने हातातलं काम खाली ठेवलं. नंतर म्हणाली, "आणि तुम्ही रोज मला लावला होता, लावला होता म्हणून सांगत होता." दाजींनी मान खाली घातली. तो रविवार आणि त्यानंतरचा सोमवार त्यांनी कसा काढला ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

मंगळवारी सकाळी ती कामावर हजर झाली. फाटकातून सरळ आत आली आणि परांचीखाली उभी राहून वर बघू लागली. मुकादम धावत आला.

"बाई, हेल्मेटशिवाय आत यायला मनाई आहे."

त्या जागेवर कुठलाही नियम कुणी कुणाला लावल्याची ही पहिलीच वेळ. तिने खिळ्यावरचं हेल्मेट काढलं, डोक्यावर घातलं आणि मुकादमाच्या खुर्चीत बसली.

"ताई?" वरून पाखरूचा आवाज आला. "तू इथे कशाला?"

"तुझा डबा बघायला. छान बांधलायस. तुझं लेकरू मोठं झालं की त्याला दाखवीन, तुझ्या बापानं हा डबा कसा जपला ते."

पाखरूचा चेहरा लाल झाला.

"तू पट्टा लावेपर्यंत मी इथून उठत नाही. उद्याही येईन, परवाही येईन." मग तिची नजर वळली. "आणि लांब्या, तुझी आई भाजीवालीपाशी रोज भेटते मला."

लांब्याच्या हातातला ब्रश थांबला. सुरक्षा साहेबांना, नंबराला आणि रंगवलेल्या सूचनेला जे जमलं नव्हतं ते पाच मिनिटांत झालं. डब्यांचे पट्टे सुटले आणि माणसांना लागले. पुट्टीवाल्याला तो उलटा लागला, तो दाजींनी मुकाट्याने सुलटा करून दिला. त्याने "आभारी आहे, साहेब" म्हटलं, आणि बाकी काही नाही.

पाखरू तर पेटलाच होता. पट्टा लावायचा, पण दाजींशी चकार शब्द नाही. असे बरेच दिवस गेले. दाजींची बायको अधूनमधून हेल्मेट घालून चक्कर टाकायची, तिला पाहिलं की मुकादम खुर्ची सोडून उठायचा.

एका दुपारी पाखरू पाचव्या मजल्याच्या कोपऱ्यावर होता आणि त्याच्या पायाखालची फळी टोकाशी मोडली. यावेळी पाइप हाताला लागलाच नाही. तो गेला, आणि दोरीला हिसका बसून मधेच थांबला. पाय हवेत, चेहरा पांढरा पडलेला, आणि त्याच्या तोंडून एकच हाक निघाली.

"दाजी!"

दाजी कसे पोहोचले ते त्यांना आठवत नाही. घाबरट माणूस, पण उघड्या पाइपावरून धावले. त्यांनी आणि लांब्याने मिळून दोरी ओढली आणि पाखरूला फळीवर घेतलं. तो दाजींच्या दंडाला घट्ट धरून बसला आणि सोडेचना. "दाजी, दाजी" एवढंच म्हणत होता. दाजींना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

डबा मात्र गेला होता. त्याला आता पट्टा नव्हता. तो थेट मुकादमाच्या खुर्चीवर आपटला आणि अंगणभर रंग झाला. मुकादम वर बघत ओरडला, "रंग सांडला!" सुरक्षा साहेब आले, त्यांनी जमिनीवरून नीट पाहणी केली आणि अहवाल लिहिला, की रंगाचे डबे सुरक्षित न बांधल्यामुळे दुर्घटना घडली, तरी यापुढे प्रत्येक डब्याला पट्टा लावावा.

संध्याकाळी पाखरू दाजींबरोबर घराकडे चालू लागला. गल्लीच्या तोंडाशी तो थांबला.

"दाजी, ताईला सांगणार का?"

दाजी चालतच राहिले. घरी दोघांनी चपला काढल्या. भावाला इतक्या दिवसांनी दारात पाहून तिने आणखी एक ताट घेतलं. वाढता वाढता दाजींकडे वळून म्हणाली, "आज पट्टा लावला होता का त्यानं?"

"लावला होता," दाजी म्हणाले.

समोर पाण्याचा पेला भरलेला होता. तो त्यांनी पाखरूपुढे सरकवला.